एजंटशिवाय प्रवेश होत नाही म्हणे!

'नीट'चा निकाल लागला की वसईच्या माणिकपुरात एक युक्तिवाद फिरायला लागतो. तो आता फक्त एजंटांच्या तोंडी राहिलेला नाही. चर्चच्या आवारात, सोसायटीच्या गच्चीवर, अंबाडी रोडवरच्या क्लासबाहेर पोरांची वाट पाहत उभे असलेले चांगले शिकलेसवरलेले पालक तो एकमेकांना ऐकवत असतात. मेडिकलच्या कौन्सेलिंगला माणूस लावावाच लागतो. नियम दरवर्षी बदलतात. कॉलेजांचा पसंतीक्रम कसा लावायचा यामागे मोठं गणित असतं आणि त्याचा डेटा एजंटकडेच असतो. फॉर्ममध्ये एक चूक झाली की वर्ष गेलं. शिवाय ओळखीपाळखीशिवाय या देशात काय हलतं? डॉक्टरकीच्या खर्चापुढे पंचवीस-तीस हजार म्हणजे किस झाड की पत्ती!

हा युक्तिवाद ऐकायला शहाणपणाचा वाटतो. त्यातलं एकच वाक्य अर्धवट खरं आहे, बाकीचा सगळा खोटा आहे. तो खोडून काढायला हवा, कारण त्याची किंमत फक्त पैशांत मोजली जात नाही.

सुरुवात गणितापासून करू, कारण सगळ्यात जास्त भीती तिथेच विकली जाते. जागा कोण देतं? सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा, एम्स आणि जिपमरच्या जागा आणि अभिमत विद्यापीठांच्या जागा दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती, म्हणजे एमसीसी, भरते. महाराष्ट्रातल्या उरलेल्या ८५ टक्के सरकारी जागा आणि खासगी महाविद्यालयांच्या जागा मुंबईचा सीईटी सेल 'कॅप'च्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांमधून भरतो. दोन्हीकडे जागावाटप संगणक करतो आणि त्याची रीत कुणालाही समजेल इतकी साधी आहे. गुणवत्ता यादीतल्या पहिल्या क्रमांकाच्या मुलाची पसंतीची यादी तो उघडतो, वरून खाली जातो आणि मोकळी असलेली पहिली जागा त्याला देतो. मग दुसऱ्याची यादी, मग तिसऱ्याची. तुमच्या मुलीचा क्रमांक येतो तेव्हा तिच्या वरच्या सगळ्यांनी आपापल्या जागा उचललेल्या असतात. तिच्या यादीत वरून खाली येताना तिला लागू असलेली जी पहिली जागा शिल्लक दिसेल, ती तिची. आरक्षणाचे प्रवर्ग आले की हिशेब लांबतो, पण रीत हीच राहते.

आता माणिकपूरची एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. घरून लोकलने जाऊन शिकता आलं तर बरं, अशी तिची इच्छा. ती यादी लिहिते: पहिलं परळचं केईएम, मग मुंबई सेंट्रलजवळचं नायर, मग विलेपार्ल्याचं कूपर, मग वसई-दिवा मार्गाने गाठता येणारं कळव्याचं राजीव गांधी, मग अंबरनाथचं नवं सरकारी, आणि आपल्याच जिल्ह्यात हवं म्हणून डहाणू तालुक्यातलं धुंदलवाडीचं खासगी वेदांता. एजंट यादी पाहून कपाळाला हात लावतो. "ताई, केईएम कशाला लिहिलंत? तिच्या मार्कांत मिळणार नाही. पहिला ऑप्शन वाया गेला. कळवा वर घ्या, नाहीतर तेही हातचं जाईल."

हे धादांत खोटं आहे. केईएम पहिलं लिहून ते मिळालं नाही, तर संगणक त्याच क्षणी नायरकडे वळतो, मग कूपरकडे, मग कळव्याकडे. तिच्या खालच्या क्रमांकाच्या मुलाने कळवा पहिलं लिहिलं आणि हिने चौथं लिहिलं, म्हणून कळव्याची जागा त्याला जात नाही; तिचा क्रमांक आधी येतो, तिची यादी आधी वाचली जाते. पसंती वर लिहिल्याने जागा मिळण्याची शक्यता वाढत नाही आणि खाली लिहिल्याने कमी होत नाही. वाया जातं ते एकाच प्रकारे: एजंटचं ऐकून कूपरच्या वर कळवा लिहिलंत आणि कूपर मिळू शकत होतं, तर संगणक तुम्हाला मुकाट्याने कळवा देईल. तुम्हीच तसं मागितलं होतं. तेव्हा यादी मनापासून लावायची, सगळ्यात हवं ते वर आणि त्याहून कमी हवं ते खाली. मागच्या वर्षीच्या कट-ऑफचा या क्रमाशी काडीचा संबंध नाही. लोक ज्या 'स्ट्रॅटेजी'साठी पैसे मोजतात ती इतकीच आहे.

एक खबरदारी मात्र खरी आहे. जिथे शिकायला जायचंच नाही ते कॉलेज यादीत लिहू नये. एमसीसीच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडता येते. दुसऱ्या फेरीपासून ती नाकारली तर अनामत जप्त होते. सरकारी जागांसाठी ती खुल्या गटाला दहा हजार आणि राखीव गटाला पाच हजार, तर अभिमत विद्यापीठांसाठी तब्बल दोन लाख असते. शेवटच्या 'स्ट्रे' फेरीत जागा नाकारणाऱ्याला पुढच्या नीटला बसू न देण्याचा नियमही एमसीसीने केला आहे. राज्याच्या कॅपमध्ये मिळालेली जागा कायम ठेवायची असेल तर 'रिटेन्शन'चा फॉर्म भरतात. तो भरला की पुढच्या फेऱ्यांतून नाव निघतं. हे सगळं ज्या त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत छापलेलं असतं आणि एजंटही तिथूनच वाचतो.

मग डेटाचं काय? तोही चव्हाट्यावर आहे. प्रत्येक फेरीनंतर सीईटी सेल निवड यादी जाहीर करतो. शेकडो पानांची ती पीडीएफ उघडून एक ओळ नीट पाहा. देशातला क्रमांक, नीटचा रोल नंबर, सीईटी फॉर्म नंबर, नाव, मुलगा की मुलगी, प्रवर्ग, कोणत्या कोट्यातून, आणि शेवटी कॉलेजचा कोड व नाव. अमुक कॉलेजात अमुक प्रवर्गातून शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकावर झाला, हे बारावी पास मुलगा एका संध्याकाळी शोधून काढतो. एजंटचा 'एक्सक्लुझिव्ह डेटा' म्हणजे हीच पीडीएफ एक्सेलमध्ये उतरवलेली.

आणि तो डेटा किती तकलादू असतो हे २०२५ ने दाखवलंच. २०२४ मध्ये गुणांचा पूर आला होता. आधी ६७ मुलांना ७२० पैकी ७२० मिळाले. वाढीव गुणांचा आणि भौतिकशास्त्रातल्या एका प्रश्नाचा घोळ निस्तरल्यावर तो आकडा १७ वर आला. पुढच्या वर्षी पेपर इतका कठीण निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण होते. त्या वर्षी आदल्या वर्षीचे कट-ऑफचे गुण समोर ठेवून ज्यांनी मुलांना घाबरवलं, त्यांनी साफ फसवलं. गुणांची तुलना एका वर्षापुरतीच करता येते. क्रमांक त्यातल्या त्यात भरवशाचा. पण नियम बदलला की तोही डळमळतो. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने ७०:३० चं प्रादेशिक सूत्र रद्द केलं, तेव्हा विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राचे जुने कट-ऑफ एका दिवसात रद्दीत गेले.

'एका चुकीने वर्ष जातं' हे ते अर्धवट खरं वाक्य. जातं, पण पसंतीक्रमाच्या चुकीने सहसा जात नाही. कागदपत्रांच्या चुकीने जातं. अधिवास प्रमाणपत्र नाही. जातीचा दाखला आहे पण वैधता प्रमाणपत्र नाही. नॉन-क्रीमी लेयर आहे पण मुदत संपलेलं. ओबीसी मुलाने राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र एमसीसीकडे चढवलं, तिथे केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. मराठा मुलाने दिल्लीच्या फॉर्ममध्ये एसईबीसी शोधलं आणि ते सापडलं नाही, कारण २०२४ च्या कायद्याने मिळालेलं ते आरक्षण राज्यापुरतं आहे. आता सांगा, यातलं कोणतं काम एजंट करतो? अधिवासाचा दाखला वसईच्या तहसील कार्यालयातून निघतो, त्यासाठी 'आपले सरकार'वर अर्ज करावा लागतो. ओबीसी वा अनुसूचित जातीच्या दाखल्याची पडताळणी जिल्हा समिती करते, आदिवासींची वेगळी समिती. आजोबांची जात लिहिलेला शाळेचा दाखला तुमच्या घरातल्या पेटीत असतो. एजंट तुमच्याकडून हेच कागद मागतो, स्कॅन करतो आणि चढवतो. महत्त्वाचं म्हणजे हे सगळं निकालाच्या पुष्कळ आधी, मूल अकरावी-बारावीत असतानाच करून ठेवायचं काम आहे. एजंट दारात येतो निकालानंतर. तेव्हा नसलेली वैधता तो आठ दिवसांत कुठून आणणार? आणि 'आणतो' म्हणाला, तर त्याला दार दाखवा. खोट्या प्रमाणपत्रावरचा प्रवेश डॉक्टर झाल्यावरही रद्द होऊ शकतो.

जातीवरून आठवलं. 'ओबीसी दाखवलंत तर ओपनची जागा गेली' असं सांगणारेही भेटतात. हेही थोतांड. राखीव प्रवर्गातला उमेदवार गुणवत्तेवर खुल्या जागेत बसत असेल तर त्याला तिथून अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये मध्य प्रदेशातल्या एमबीबीएस प्रवेशांच्याच खटल्यात पुन्हा एकदा स्पष्ट केलं.

उरली ओळख. इथे थोडा इतिहास आठवायला हवा. महाराष्ट्रात कॅपिटेशन फीवर बंदीचा कायदा १९८७ चा, पण त्यानंतरही 'डोनेशन' हा शब्द घराघरांत होता, आणि डोनेशनची वाट दाखवणारे मध्यस्थही होते. २०१७ पासून नीट सगळ्या राज्यांना लागू झाली. त्याच वर्षापासून अभिमत विद्यापीठांच्या जागाही एमसीसीच्या फेऱ्यांमध्ये आल्या. राज्यातल्या खासगी महाविद्यालयांचा संस्थात्मक कोटासुद्धा सीईटी सेलच्या यादीतून भरतात. मध्यस्थाकडे विकायला जागाच उरली नाही, तेव्हा त्याने भीती विकायला काढली. दुकान तेच, पाटी बदलली. आजही कुणी 'मॅनेजमेंटमध्ये सीट पक्की करून देतो' म्हणत असेल तर दोनच शक्यता आहेत. एक, तुमच्या मुलाला त्याच्या क्रमांकावर जी जागा तशीही मिळणार होती, ती आपण मिळवून दिली असं तो म्हणणार. दोन, तो तुम्हाला लुबाडणार.

"पण २०२४ ला पेपर फुटलाच ना? मग यादी कशावरून खरी?" हा प्रश्न मला एका निवृत्त शिक्षकांनी विचारला आणि तो चुकीचा नाही. पाटणा आणि हजारीबागचा फुटलेला पेपर, लातुरात दोन शिक्षकांवर दाखल झालेला गुन्हा, १५६३ मुलांना दिलेले आणि मग काढून घेतलेले वाढीव गुण, हे सगळं झालं. सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै २०२४ ला परीक्षा रद्द करायला नकार दिला, तरी नीट घेणाऱ्या राष्ट्रीय चाचणी संस्थेची पत गेली ती गेलीच. पण फरक बघा. चोरी झाली ती परीक्षेच्या आधी, बंद पेट्यांमध्ये. जागावाटप होतं उघड्यावर. गुणवत्ता यादी छापली जाते, निवड यादी छापली जाते, तुमच्या खालच्या क्रमांकाला तुमच्या आधी जागा गेली तर ती ओळ बोट ठेवून दाखवता येते आणि तक्रार करता येते. चोराच्या भीतीने घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देण्यात कसला शहाणपणा?

किल्लीच ती, दुसरं काय म्हणणार! एजंट फॉर्म भरतो तेव्हा बऱ्याचदा मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचा टाकतो. सोय म्हणून, असं सांगतो. पुढे प्रत्येक ओटीपी त्याच्या फोनवर येतो, पसंतीक्रम तो लॉक करतो, तुम्हाला त्याचा स्क्रीनशॉट मिळाला तर मिळतो. त्याला पसंतीक्रमात रस का असावा? एजंटला तुमच्याकडून आणि कॉलेजकडूनही पैसे मिळत असतील तर काय होईल, याचा विचार करा. एका मुलीला सरकारी कॉलेजात वर्षाला साधारण दीड लाखात शिकता येतं. अभिमत विद्यापीठात त्याच वर्षाला पंचवीस लाखांच्या आसपास किंवा जास्त मोजावे लागतात. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं, पण कॅपच्या नियमित जागेवर प्रवेश घेतला तरच. संस्थात्मक कोट्यात किंवा अभिमत विद्यापीठात गेलात की माफी संपली. पसंतीक्रमातली एक अदलाबदल एखाद्या घराचं दिवाळं काढू शकते. ती ज्याच्या हाती दिली, त्याचं हित तुमच्या हिताशी जुळतं का, हे कोण तपासणार?

आणि एजंटांचे फोन कुणाला येतात तेही पाहा. २०२५ ला सुमारे २२ लाख ९ हजार मुलं परीक्षेला बसली, त्यातली १२ लाख ३६ हजारांच्या वर 'पात्र' ठरली. खुल्या गटाला पात्रतेची रेषा होती १४४ गुण. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास होत्या. १५० गुणांच्या मुलाच्या घरी 'अभिनंदन, तुमचा मुलगा क्वालिफाय झाला' असा फोन येतो तेव्हा त्या घराला कुणी सांगत नाही की पात्र होणं आणि प्रवेश मिळणं यांत दहा लाखांहून जास्त मुलांचं अंतर आहे. त्या घराला परदेशातल्या एमबीबीएसचं किंवा कर्ज काढून घ्यायच्या जागेचं पॅकेज दाखवलं जातं. खरा सल्ला देणारा माणूस अशा वेळी आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी, नर्सिंग या वाटा समोर मांडेल, किंवा सरळ 'एक वर्ष थांब' म्हणेल. त्यात कमिशन नसतं.

माझा राग फक्त एजंटांवर नाही. त्यांची बाजारपेठ सीईटी सेलनेच उभी करून दिली आहे. महाराष्ट्राच्या मुलांसाठी, महाराष्ट्र सरकारच्या संस्थेने काढलेली प्रवेशाची माहिती पुस्तिका इंग्रजीत असते, तीही वकिली इंग्रजीत. नीटचा पेपर मराठीतून देता येतो. तो देऊन पास झालेल्या मुलाच्या आईला मात्र प्रवेशाचे नियम मराठीत वाचायला मिळत नाहीत. वेळापत्रक एका नोटिशीत निघतं, दुसऱ्या नोटिशीत बदलतं, तिसरी रात्री उशिरा येते. 'नियम सोपे आहेत' असं मी म्हणत नाही. ते साध्या मराठीत लिहिले तर चाळीस पानांत मावतील आणि बहुतेक एजंटांचं दुकान बंद होईल, असं माझं म्हणणं आहे. हे करायला सरकारला नवा कायदा लागत नाही.

आणि जागांचा प्रश्न तर कुठलाच सल्लागार सोडवू शकत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत अंबरनाथ होतं, गडचिरोली होतं, हिंगोली होतं, पालघर नव्हतं. मुंबई महापालिका चार वैद्यकीय महाविद्यालयं चालवते, ठाणे महापालिका कळव्याला एक. नवघर-माणिकपूर आणि शेजारच्या नगरपरिषदा मिळवून २००९ ला आपली महापालिका झाली. तिच्याकडे आपण रस्ते आणि पाणी मागतो, ते रास्तच. पण मेडिकल कॉलेज मागितल्याचं मला आठवत नाही. पंचवीस हजार एजंटला देणारे आपण ही मागणी करायला कधी एकत्र आलो?

'पंचवीस हजार म्हणजे काहीच नाही' हे वाक्य मला सगळ्यात जास्त झोंबतं. माणिकपुरात काही घरांना ते काहीच नसेलही. याच जिल्ह्यात जव्हार आहे, मोखाडा आहे, तलासरी आहे. तिथल्या पाड्यावरून नीट देणाऱ्या मुलाला तुमचा युक्तिवाद काय सांगतो? की गुण मिळवलेस तरी फॉर्म भरायची ऐपत नसेल तर जागा तुझी नाही. एजंट अपरिहार्य आहे असं आपण शहरातली माणसं म्हणतो तेव्हा त्या मुलासमोर नवी भिंत उभी करतो. ती भिंत खोटी आहे हे माहीत असूनही उभी केली, तर तो अपराध आपला.

ज्यांना इंग्रजी जमत नाही, संगणक जमत नाही, त्यांनी मदत जरूर घ्यावी. पण मदत म्हणजे शेजारी बसून दाखवणं. पासवर्ड घेऊन जाणं नव्हे. मोबाईल नंबर घरचाच टाका. पसंतीक्रम मुलाने स्वतः लावावा आणि लॉक करायचं बटण त्यानेच दाबावं. ज्यांची मुलं आज केईएम, नायर, कळव्याला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिकत आहेत अशी घरं माणिकपुरात आहेत. त्यांना माझी विनंती आहे. पुढचा निकाल लागेल त्या आठवड्यात आपल्या मुलाला दोन संध्याकाळी शाळेच्या एखाद्या वर्गात बसवा, लॅपटॉप घेऊन, फुकट. त्याने हा फॉर्म नुकताच भरला आहे, त्याला सगळं आठवतंय. वर्ग मिळवून द्यायचं काम माझ्यासारखे करतील.